ओढ्याच्या चढाला दुसरा गिअर

आमच्या जुन्या पिकअपला घरी येताना ओढ्याच्या चढावर दुसरा गिअर लागायचा. तिसऱ्यात चढायची नाही असं नाही, पण कुरकुरत चढायची, आणि मला गाडीची कुरकुर ऐकवत नाही. म्हणून फरशीचा पूल ओलांडला की मी क्लच दाबून दुसरा टाकायचो. इंजिन क्षणभर खाली बसायचं आणि मग घसा खाकरून वर उठायचं. तिथून आमचं घर दोन खाचरांच्या पलीकडे. तो आवाज स्वयंपाकघरात पोचला की माझी बायको थापलेली भाकरी तव्यावर टाकायची.

मी गाडी गोठ्याच्या अंगाला लावून, दार आपटून (ते दार आपटल्याशिवाय लागतच नव्हतं), हातपाय धुऊन आत येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. तांदळाची, पांढरीशुभ्र, वरचा पापुद्रा बोटाला चटका देईल इतकी गरम. मी बसायचो आणि ती ताटात भाकरी टाकायची. पंधरा-सोळा वर्षं हे असं चाललं. यात काही विशेष आहे असं मला एकदाही वाटलं नाही. नळाला पाणी येतं तशी ताटात गरम भाकरी येते, अशी माझी समजूत होती.

आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मी जी सेकंडहँड पिकअप शोधत फिरलो, ती त्या भाकरीसाठी. लोकांना वाटलं मी गाडी शोधतोय. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

आमचं गाव भरे. थोडी भातशेती आहे, पण शेतीवर घर चालायचे दिवस कधीच गेले. घर चाललं ते पिकअपवर. भाताची पोती, वैरण, मार्केट यार्डात भाजी, भूगावच्या बंगल्यांना लाल माती आणि कुंड्या, आणि हल्ली हल्ली तर महाळुंग्याच्या नव्या फ्लॅटांत राहायला जाणाऱ्यांचे सोफे नि फ्रीज. एकदा एका घरचा मत्स्यालयाचा टँक पोचवला होता, माशांसकट. मासे जिवंत पोचले. पिरंगुटच्या घाटात डंपरच्या मागं अडकलो तेव्हा मी त्यांच्याशी बोलत होतो.

ती जुनी पिकअप घेतली होती बायकोच्या कानावर. यात थट्टा नाही. तिच्या वडिलांची पौडला भाताची गिरणी होती, डिझेल इंजिनवर चालणारी. त्या धकधकीत ती रांगली, तिथंच शाळेचा अभ्यास केला, तिथंच वेणीफणी. बापाला इंजिनाजवळ जाऊन बघायला लागायचं ते हिला अंगणातून कळायचं: तेल कमी आहे, पट्टा सैल आहे, भात ओला आलाय. लग्न होऊन भऱ्याला आली आणि तिचा हा गुण मी आमच्या घरच्या अंधारात बरीच वर्षं पुरून ठेवला. तो उकरून काढला मिस्त्रीनं.

मिस्त्री पौडचा, तिच्या माहेरच्या आळीतला. मुसलमानाचं घर, चार पिढ्या पौडातच. त्याच्या बापानं गिरणीचं इंजिन सांभाळलं आणि त्यानं पिरंगुटला गॅरेज टाकलं. माहेरच्या नात्यानं ती त्याची ताई आणि म्हणून मी त्याचा दाजी. दाजी म्हणतो आणि मग जे बोलायचं ते बोलतो. मेहुण्याला तेवढा अधिकार असतोच.

पहिली पिकअप घ्यायची होती तेव्हा त्यानं तीन गाड्या गॅरेजला आणवल्या आणि मला म्हणाला, "ताईला आणा." मी म्हटलं, तिला काय कळतंय? तो हसला. तिला त्यानं दहा पावलांवर उभं केलं, गाड्यांकडं पाठ करून. "तोंड बघितलं की माणूस फसतो, ताई. तुमी नुस्तं ऐका." एकेक गाडी तो सुरू करायचा, थोडी रेस द्यायचा, बंद करायचा. मधली गाडी नुकता रंग दिलेली, नवरीसारखी सजलेली. मी मनातल्या मनात तिच्यात बसलोसुद्धा होतो. बायको पाठमोरीच म्हणाली, "ही दमलेली हाय. रंगावर जाऊ नगा." तिसरी, पोपडे आलेली, हौद्याला पोचे पडलेली, तिला म्हणाली, "ही घ्या. ही आपल्याला म्हातारं करंल." केलंच तिनं.

तेव्हापासून आमच्यात रीत पडली. माझ्या भावकीत, मिस्त्रीच्या गिऱ्हाइकांत कुणी जुनी गाडी घेऊ लागला की तिला बोलावणं यायचं. ती पदर खोचून जायची, पाठ करून उभी राहायची, ऐकायची, दोन शब्द बोलायची, चहा घेऊन परत यायची. त्या दिवशी तिच्या चालीत जरा ऐट असायची. मी चिडवायचो, "काय डॉक्टरीणबाई, किती पेशंट?" उत्तर म्हणून त्या दिवशी भाकरीबरोबर ठेचा असायचा.

मग भाकरी थांबली.

एकदम नाही. आधी एखाद दिवशी. मी आत आलो तर तवा रिकामा, आणि ती मला बघून दचकून उठायची. "आलात व्हय?" म्हणायची. "नाही, रस्त्यातच आहे," मी म्हणायचो. मग हे रोजचंच झालं. कधी भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. फडक्यातली भाकरी वाईट नसते, पण ती वाट बघून दमलेली असते. आणि मला तेवढ्यानं राग यायचा. मी तोंडाचा फटकळ माणूस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "चूल सोडून ओसरीवर काय बसतेस? रस्ता काय पळून चाललाय?" कारण ती आता संध्याकाळी ओसरीच्या टोकाला येऊन बसायची, ओढ्याच्या वळणाकडं तोंड करून. मी गाडीतून उतरायच्या आत ती लगबगीनं आत जायची, आणि मला वाटायचं, मला बघितलं की हिला कामं आठवतात.

त्याच सुमारास गाडीचा सायलेन्सर बदलला होता आणि पंपाचं काम केलं होतं. आवाज फिरला होता, जरा बोदा झाला होता. मी स्वतःची समजूत घातली की तिला आवाज ओळखू येत नाही. पण आत कुठंतरी दुसरंच डाचत होतं. वाटायचं, तिला आता माझ्या येण्याचं काही राहिलं नाही. मुलगी लग्न होऊन महाळुंग्याला गेली, घरात दोघंच उरलो, आणि दोघांतल्या एकाचं मन उडालं तर उरतं काय? साठीला टेकलेल्या माणसानं असलं काही कुणापाशी बोलू नये. मी बोललो नाही. चिडलो मात्र रोज.

गेल्या उन्हाळ्यात गाडीनं अंग टाकलं. हौद्याखालची चासी गंजून चाळण झाली होती. मिस्त्रीनं खाली झोपून हातोडीनं ठोकून बघितलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "दाजी, वेल्डिंग करायला बी लोखंड लागतं. हितं आता निस्ता रंग उरलाय." भंगारवाला न्यायला आला त्या दिवशी मी मुद्दाम शेतावर गेलो. बायको म्हणाली, जाताना गाडी ओढ्यापलीकडच्या चढाला एकदा थांबली. भंगारवाल्याला दुसरा गिअर सापडला नसेल.

मुलीनं महाळुंग्याहून मोबाइलवर यादीच काढली. ती हिंजवडीला कंपनीत आहे, तिला सगळ्याची यादी लागते. "पप्पा, तीन गोष्टी बघा. सर्व्हिस रेकॉर्ड, ॲव्हरेज, आणि ओनर किती झालेत. इमोशनल होऊ नका." मी म्हटलं, लोखंडाच्या बाबतीत मी कधीच इमोशनल होत नाही.

पहिली गाडी भूगावला बघितली. प्लॉटवर विटा-वाळू पुरवणाऱ्याची. मीटर बघितलं तर गाडी नुकती बारशाला निघाल्यासारखी, जेमतेम फिरलेली. मिस्त्रीनं मीटरकडं बघितलंच नाही. त्यानं वाकून ब्रेकच्या पॅडलवरचं रबर चाचपलं. ते पार गुळगुळीत झालं होतं, एका कडेला लोखंड दिसत होतं. "मीटर मागं फिरवता येतं," तो मला हळूच म्हणाला, "पाय मागं फिरत न्हाईत." आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

दुसरी महाळुंग्याला, मुलीनं शोधलेली. एका माणसाची, तो सोसायट्यांना पाण्याचे जार पोचवायचा. मिस्त्रीनं आदल्या दिवशी त्याला फोनवर बजावलं होतं, "गाडी गरम करून ठेवू नका." तरी गेल्या गेल्या त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. सकाळच्या गारव्यात गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. धूर काळा नाही, निळा नाही. इंजिन चालू असताना त्यानं ऑइलचं झाकण उघडून वर हात धरला, वाफेचा मारा नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नाही. खाली झोपला, बॅटरी मारून चासी बघितली, स्प्रिंगचे पाटे बघितले. मग आम्ही टाकी काठोकाठ भरली, पौडपर्यंत जाऊन आलो, त्याच पंपावर परत काठोकाठ भरली. इतकं थोडं डिझेल बसलं की मिस्त्रीनं पंपवाल्याला दोनदा विचारलं, नोझल बंद तर न्हाई ना झालं?

"दाजी, डोळं झाकून घ्या," तो म्हणाला. "बायको रुसंल, पण ही रुसायची न्हाई."

मी म्हटलं, "पटत नाही."

"का?"

"आवाजच नाही तिला."

मला ऊन लागलंय की काय, असं त्यानं माझ्याकडं बघितलं. "आवाज ऐकायला गाडी घेत्यात व्हय? मग बाजाची पेटी घ्या."

त्याला काय सांगणार? ती गाडी होतीच तशी, गुमान चालणारी. पिरंगुटचा घाट तिसऱ्यात चढली, कुरकुर नाही की खाकरणं नाही. आमच्या ओढ्याचा चढ तर तिला कळलाही नसता. असली गाडी दारात येऊन उभी राहिली तरी घरात कुणाला पत्ता लागायचा नाही. मला गुमान घरी यायचं नव्हतं. मी येतोय हे कुणाला तरी आधी कळावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती.

तिसरी मी एकट्यानं शोधली. कोळवणच्या बाजूला एका भाताच्या व्यापाऱ्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आमचीच कंपनी, आमचीच बनावट, दारसुद्धा आपटल्याशिवाय लागत नव्हतं. त्यानं किल्ली फिरवली, दोनदा नुसतीच कण्हली, तिसऱ्यांदा सुरू झाली, आणि मला ओढा दिसला. पूल दिसला, खाचरं दिसली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघणारा धूर दिसला. डोळ्यांत पाणी आलं. व्यापारी म्हणाला, धुराचं असेल. मी म्हटलं, धुराचंच.

मिस्त्रीनं ती गॅरेजला आणून तपासली आणि हात जोडले. झाकण उघडलं की वाफ तोंडावर येते, इंजिनात ठकठक आहे, पंप गेलाय. "हिची टाकी भरता भरता तुमची कंबर मोडंल. दाजी, तुमाला झालंय काय?" मी हट्टाला पेटलो. म्हटलं, "तुझं नि माझं राहू दे. आपली रीत आहे ना? तिला आणतो. ती म्हणेल ती."

आणि मला आतून खात्री होती की ती आमच्याच गाडीचा आवाज ओळखेल. ओळखेल आणि वळून हसेल. मी त्या हसण्याची वाट बघत होतो.

रविवारची सकाळ होती. मुलगीही आली होती. महाळुंगेवाल्यानं त्याची गाडी आणून उभी केली, शेजारी कोळवणची. बायकोला मी सांगितलं तेव्हा ती जरा घुटमळली होती. "मी कशाला आता? मिस्त्री हाय की." मी म्हटलं, भाव खाऊ नकोस. ती इस्त्रीची साडी नेसून आली, दहा पावलांवर गेली, पाठ करून उभी राहिली. समोर पौड रस्ता. रविवार असला तरी डंपर चालूच होते.

मिस्त्रीनं आधी कोळवणची लावली. ठकठक एवढी की शेजारच्या टपरीवाल्यानं मान बाहेर काढली. निळा धूर गॅरेजभर पसरला. बायकोनं नाकाला पदर लावला, थोडी थांबली आणि म्हणाली, "चांगली हाय. आपल्यासारखीच हाय."

मी मिस्त्रीकडं बघितलं, जिंकल्यासारखं. पण त्याचा चेहरा भलताच झाला होता. जी बाई अंगणातून सैल पट्टा ओळखायची, तिला ही ठकठक ऐकू आली नाही? मला तेव्हाही ते सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो मी.

मिस्त्रीनं गाडी बंद केली. दुसरीत जाऊन बसला, किल्ली फिरवली. महाळुंग्याची गाडी सुरू झाली, तिच्या नेहमीच्या गुमान आवाजात. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, ती काय म्हणते ते ऐकायला. ती पाठमोरी उभी होती, मान जरा कलती करून, पूर्वीसारखीच. एक डंपर गेला. दुसरा गेला. रस्ता मोकळा झाला. ती तशीच उभी. मग ती म्हणाली,

"लावा की आता दुसरी. किती उशीर?"

गाडी चालूच होती.

मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिस्त्रीनं हातानंच तिला थांबवलं. तो हळूच गाडीतून उतरला, इंजिन तसंच चालू ठेवून वळसा घालून ताईच्या समोर गेला, तिला तोंड दिसेल असा उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हिची बॅटरी उतरलीय. ऱ्हाऊ द्या आजच्याला. चला, च्या घेऊ." तो तिच्याशी जितक्या आदरानं खोटं बोलला तितक्या आदरानं मी तिच्याशी कधी खरंही बोललो नव्हतो.

घरी स्कूटरवर येताना ती मागं बसली होती. मी सगळा रस्ता एकेक गोष्ट उलगडत आलो. मुलीचा फोन आला की ती का म्हणायची, तुमीच बोला, माजं हात पिठाचं हायेत. मी बोलताना ती माझ्या तोंडाकडं का बघत बसायची, आणि मी खेकसायचो, काय बघतेस? आणि ओसरी. ओसरीचं आठवलं तेव्हा मला स्कूटर कडेला घ्यावी लागली. आवाज ऐकू येईना म्हणून ती डोळ्यांनी वाट बघत होती. वळणावर गाडी दिसली की उठून आत धावत होती, आणि तोवर तवा तापायचा नाही. ओसरीवर बसून भाकरी होत नाही, आणि चुलीपाशी बसून वळण दिसत नाही. रोज संध्याकाळी ती या दोन्हींच्या मध्ये सापडलेली असायची, आणि मी तिला विचारत होतो, रस्ता काय पळून चाललाय?

"का थांबलात?" ती म्हणाली.

मी मागं वळून, तिला माझं तोंड दिसेल असं, विचारलं, "कधीपासनं?"

ती समजली. दोन्ही हातांनी पदर सारखा करत राहिली. "दोन भातं झाली," ती म्हणाली. म्हणजे दोन वर्षं. "आदी बारीक आवाज गेलं. मग तुमची गाडी."

"मला सांगायचं न्हाई?" घरात मी शहरी बोलतो म्हणून ती मला हसते. त्या दिवशी माझ्या तोंडून गावचीच भाषा निघाली.

"काय सांगू? तुमी येताना मला ऐकू येत न्हाई, आसं सांगू?" मग थोडं थांबून म्हणाली, "आन मग गाडी बघाया कुनी बोलावलं नसतं. मला तेवढंच तर येत हुतं."

रस्त्याच्या कडेला, कंपनीच्या बस शेजारून जात असताना, मी रडलो. लपवलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अवं, लोकं बघत्यात."

मुलीनं पुढच्याच आठवड्यात डॉक्टर गाठला. कानात घालायचं मशीन आलं. ते घातलं की तिला सगळंच ऐकू येतं, भांड्यांचा खणखणाट, पंख्याचा घरघराट, माझं घोरणं. ओढ्यावरची गाडी तेवढी येत नाही. ती ते मशीन लग्नाकार्याला घालते, एरवी डबीत ठेवते. म्हणते, दोन वर्षं शांत गेली, आता कशाला कालवा?

गाडी आम्ही महाळुंग्याची घेतली. आता आवाजाचं निमित्त उरलं नव्हतं. मिस्त्रीनं सांगितलं होतं तशीच आहे ती, रुसत नाही, थोडं पिते, भरपूर ओढते. तिचे गोडवे गावात चार जणांपाशी गाऊन झाले. पहिल्या दिवशी घरी आलो तर बायको ओसरीवर होती. मला बघून लगबगीनं उठायला लागली. मी तिला हातानं बसवलं. म्हटलं, बस, घाई नाही. मग आम्ही दोघं आत गेलो, तिनं तवा ठेवला, आणि मी चुलीशेजारी पाटावर बसून भाकरी फुगेपर्यंत बघत राहिलो. इतकी वर्षं मी ती भाकरी फुगलेलीच बघितली होती. फुगताना कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. आधी कडेला एक बारीक फोड येतो.

तरी मला ते जुनं हवंच असतं. ते मी लपवत नाही. ओढ्याच्या पुलावर आलो की मला वाटतं, आत्ता, या क्षणी, तिला कळायला हवं होतं. समोर बसून खाल्लेली भाकरी गरम असते, पण आपण नसताना आपल्यासाठी तव्यावर पडलेली भाकरी वेगळी. ती आता मिळायची नाही. आणि ती मिळत होती तेव्हा मी जेवताना मोबाइल बघत होतो.

मुलगी अजून ॲव्हरेज विचारते. ठरल्यापेक्षा जरा कमी पडतं. ती म्हणते, पप्पा, कुठंतरी चुकीच्या गिअरमध्ये चालवताय. बरोबर आहे तिचं. ओढ्याचा चढ ही गाडी तिसऱ्यात आरामात चढते, चौथ्यातसुद्धा चढेल. पण पूल ओलांडला की माझा पाय क्लचवर जातोच, आणि मी दुसरा टाकतो. इंजिन उगाचच ओरडतं. कुणासाठी ओरडतं ते मला माहीत आहे, आणि जिच्यासाठी ओरडतं तिला ते ऐकू येत नाही हेही.

परवा संध्याकाळी पौडहून परत येत होतो. तिच्या माहेरी हळदीकुंकू होतं, तिला घ्यायला गेलो होतो. ती शेजारी बसली होती, मशीन डबीत, डबी पिशवीत. एक हात डॅशबोर्डवर सहज टेकवलेला. पूल आला. मी सवयीनं क्लच दाबला, दुसरा टाकला, इंजिन खाली बसलं आणि वर उठलं.

डॅशबोर्ड थरथरला तसा तिचा त्यावरचा तळहात जागचा हलला. ती सावरून बसली, पदर खोचला, आणि पुढं घराकडं बघत म्हणाली,

"आलं की. तवा ठेवाया पायजे."

मी गाडी दुसऱ्यातच ठेवली. घरी तवा ठेवायला कुणी नव्हतं. आम्ही दोघंही गाडीतच होतो.